गच्चीवरचा जस्ताचा कारखाना

किस्से कोणी ठरवून करत नाही. लोखंड पावसात राहिलं की गंज धरतं, तशी चार बरी माणसं दर रविवारी एका गच्चीवर बसली की किस्से धरतात. खरवडून काढले तरी पुन्हा येतात. आमच्या गच्चीवर तर एवढे साठलेत की दुकानात फ्रेम न्यायला आलेलं गिऱ्हाईकही आधी विचारतं, "काय म्हणतो कारखाना?"

आधी माणसं सांगून टाकतो. मी अरुण. अकोल्यात जठारपेठेत माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे आणि दुकानावरच घर. लोकांना वाटतं फ्रेमवाल्याकडे लग्नाचे फोटो येतात, देवांचे फोटो येतात. येतात, तेही येतात. पण निम्म्याहून जास्त माणसं लाल डोळ्यांनी येतात, खिशातून पासपोर्ट साइझ फोटो काढतात आणि म्हणतात, "मोठा करून द्या. तेरवीले पाह्यजे." इतकी वर्षं हेच पाहून माझा स्वभाव भित्रा झालाय. एखादं पोट्टं मोटरसायकल हाणत दुकानासमोरून गेलं की मला पोट्टं दिसतच नाही. मला फ्रेम दिसते!

दिनूभाऊ हिवरखेडचे. झेंडू लावतात, भाजीपाला लावतात, माल घेऊन अकोल्याला येतात आणि जाताना माझ्या दुकानात चार हार ठेवून जातात. फ्रेमसोबत हार लागतोच. आमची दोस्ती अशी दुसऱ्यांच्या दुःखावर उभी आहे. वानखडे सर समोरच राहतात, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेत. आणि शोभा माझी बायको, माहेर अमरावतीचं. ऑर्डरप्रमाणे केक करून देते. घर माझ्या नावावर आहे, पण गच्ची तिची आहे. हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

आता कारखाना निघाला कशासाठी, तर पल्लवीसाठी. दिनूभाऊंची ही मुलगी वनरक्षक झाली. परतवाड्याच्या पुढं, घाट चढून वर मेळघाटात पोस्टिंग. जूनमध्ये हजर व्हायचं. गाडी तर पाहिजेच. पण पोरगी म्हणाली, नवी नको, बाबांची जुनी गिअरची गाडीच पाहिजे. याच गाडीवर झेंडूची पोती बांधून ती चालवायला शिकली होती. गाडीचं इंजिन ठणठणीत, पण कित्येक पावसाळे ती वावरात उभी राहिलेली. नट-बोल्ट सगळे तपकिरी. आणि जायचंय कुठं, तर मेळघाटाच्या पावसात!

दिनूभाऊंनी ठरवलं, गाडी पूर्ण उघडायची आणि लोखंडाच्या तुकड्या-तुकड्यावर जस्त चढवायचं.

पल्लवीचा युनिफॉर्ममधला फोटो मीच फ्रेम केला होता. हसणाऱ्या माणसाची फ्रेम करायला मिळाली की माझा दिवस चांगला जातो. काच पुसताना मी मनात एवढंच म्हटलं, या फ्रेमला आपल्या दुकानातला हार कधी लागू नये.

* * *

सुरुवातीला आम्ही शहाण्या माणसांसारखे एका प्लेटिंगवाल्याकडे गेलो. दिनूभाऊंनी पोह्याच्या डब्यातून नट, बोल्ट, वायसर, स्प्रिंगा असं सगळं त्याच्या टेबलावर ओतलं. त्या भल्या माणसानं दोन बोल्ट उचलून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाला, "नमुना पाह्यला. माल कधी आनता?"

"हाच माल हाये," दिनूभाऊ म्हणाले.

"भाऊ, आमच्या इकडे पोत्यानं काम चालते. एवढूसं टाकलं तं हरपून जाईन."

"मंग पोतं आनतो नं," दिनूभाऊ म्हणाले. "खाली बोल्ट, वरतून झेंडू. चालते काय?"

परत येताना वानखडे सर रिक्षात म्हणाले, "यात काय आहे? व्हिनेगर, एप्सम सॉल्ट, जस्त आणि एक चार्जर. घरी होतं हे."

मी घाबरलो. मला अॅसिडची भीती नाही, विजेचीही तेवढी नाही. मला सरांच्या "यात काय आहे"ची भीती वाटते. मागं असंच म्हणून त्यांनी आमचा मिक्सर उघडला होता. तो अजून उघडाच आहे.

* * *

सामान आणायचं काम माझ्याकडे आलं. एप्सम सॉल्ट मेडिकलमध्ये मिळतं एवढं सरांनी सांगितलं. ते लोक कशासाठी नेतात हे नाही सांगितलं.

मी मेडिकलवाल्याला म्हटलं, "एप्सम सॉल्ट द्या."

त्यानं छोटी पुडी काढली.

"एवढंसं नको. दोन किलो द्या."

त्याचा हात थांबला. दुकानात चार माणसं होती, त्यांच्याही माना वळल्या. तो काउंटरवरून पुढं वाकला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, किती दिवसापासून झाली नाही?"

मी म्हटलं, "अहो, माझ्यासाठी नाही. बोल्टसाठी पाहिजे."

तो आणखी हळू म्हणाला, "हौ. सगळे असंच सांगतात."

व्हिनेगरचंही तेच. किराणावाल्याकडून पाच लिटरचे दोन कॅन उचलून घरी येतोय तर रस्त्यात कोणीतरी पाहिलं. संध्याकाळी अमरावतीहून माझ्या साळ्याचा शोभाला फोन आला, "ताई, दुकान चालून नाही राह्यलं काय? भाऊजी चायनीजची गाडी टाकून राह्यले म्हणते!"

* * *

जस्ताची सोय दिनूभाऊंनी केली. जुन्या सेलचं जे आवरण असतं ते जस्ताचं असतं असं सर बोलून गेले, आणि पुढच्या फेरीला दिनूभाऊंनी गोणीभर मेलेले सेल आणून गच्चीवर ओतले. सगळं हिवरखेड धुंडाळून आणले होते. आमच्याकडे मेलेला सेल कोणी फेकत नाही. खिडकीत उन्हाला ठेवतात, जरा तापला की घड्याळ अजून चार दिवस चालतं अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. दिनूभाऊंची तर जास्तच आहे. ते म्हणाले, "यातले आर्धे तं अजून जिवंत हायेत. उन्हात ठेवून पाहा."

ही श्रद्धा लक्षात ठेवा. पुढं ती आमच्या जिवावर येणार होती.

तर सर आणि दिनूभाऊ हातोडी घेऊन बसले सेल फोडायला. आत काळी भुकटी असते. ती उडाली. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्याशुभ्र धोतरावर, शोभानं सकाळपासून घातलेल्या कुरडया वाळत होत्या.

शोभा वर आली तेव्हा धोतर पांढरं नव्हतं आणि कुरडयाही.

मी पाण्याच्या टाकीकडे पाहत होतो. शेवटी सर उठले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. हे फक्त मँगनीज डायऑक्साइड आहे."

शोभा म्हणाली, "असं काय? मंग तळून देतो. तुमीच खा!"

त्या कुरडया सरांच्या घरी पोचत्या झाल्या. पुढं काय झालं त्यांचं, सर सांगत नाहीत.

* * *

मग पहिलं प्लेटिंग. गच्चीवर माणसं कमी आणि तयारी जास्त. निळी बादली, त्यात व्हिनेगर, एप्सम सॉल्ट आणि चमक यावी म्हणून साखर. एका तारेला जस्ताचा पत्रा, दुसऱ्या तारेला संडासाच्या अॅसिडात बुडवून गंज काढलेला साइड स्टँडचा बोल्ट. सरांनी अॅनोड, कॅथोड, आयन, इलेक्ट्रॉन असं सगळं समजावून सांगितलं. दिनूभाऊ जमिनीवर बसून ऐकत होते. कीर्तनात ऐकतात तसं, मान हलवत आणि मधूनमधून "बरोबर हाये" म्हणत.

"म्हणजे जस्त या पत्र्यातून सुटतं, पाण्यातून जातं आणि बोल्टवर बसतं," सर म्हणाले आणि चार्जर चालू केला.

बुडबुडे आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खाली जाऊन चहा घेतला, पोहे खाल्ले, राजकारण झालं. वर येऊन तार उचलली तर बोल्ट अर्ध्यावर आला होता! आटे गुळगुळीत, कंबर बारीक.

दिनूभाऊंनी तो उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला. "सर, जस्त तं नाही बसलं. पन हा डायटिंग मस्त करून आला!"

सरांनी तारा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग अतिशय गंभीरपणे म्हणाले, "सिद्धांत बरोबर होता. वायर उलटी होती."

त्यावर उपाय दिनूभाऊंनीच काढला. लाल-काळ्याचा भरवसा नको म्हणून त्यांनी बोल्टकडे जाणाऱ्या तारेला झेंडूचं फूल बांधलं. "फूल तिकळे पार्ट. डोकं लावाचं काम नाही." तेव्हापासून दर रविवारी हिवरखेडहून ताजं फूल यायचं आणि तारेला बांधलं जायचं.

शेजारच्या गच्चीवरून एक मावशी हे दर वेळी पाहायच्या. निळी बादली, तीन पुरुष भोवती वाकलेले, तारेला झेंडू, बाजूला साखर. एका रविवारी त्या न राहवून आमच्या गच्चीवर आल्या, चपला जिन्यात काढल्या, बादलीला हात जोडले आणि मला विचारलं, "कोनाची स्थापना हाये, अरुणभाऊ?"

मी काही बोलायच्या आत दिनूभाऊ म्हणाले, "जस्तोबाची! घ्या, प्रसाद घ्या." आणि मावशींच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. नशीब, ती डब्यातली होती.

* * *

दुसरा बोल्ट नीट निघाला. म्हणजे सर म्हणाले नीट निघाला. पाहायला तो करड्या रंगाचा, मळकट. दिनूभाऊंचा चेहरा पडला.

"सर, हे तं चुलीतली राख लावल्यासारखं दिसून राह्यलं. गंजेल होता तेव्हाच बरा दिसत होता."

"रंगावर जाऊ नका. हेच जस्त."

"पल्लवी काय म्हनंन? बापानं गाडीले राख फासली म्हनंन!"

शोभा कपडे वाळत घालायला वर आली होती. तिनं बोल्ट उचलला, मोरीवरची तारेची घासणी घेतली आणि चार हात मारले. बोल्ट चांदीसारखा लखलखला. ती तो दिनूभाऊंच्या हातावर ठेवून म्हणाली, "तुमच्यापैकी एकानं तरी जन्मात भांडे घासले असते तं हे समजलं असतं."

* * *

एकदा जमतंय म्हटल्यावर दिनूभाऊ थांबेनात. गाडीचे पार्ट तर झालेच. पण ते घरून येताना पिशवीत काहीबाही आणू लागले. खुरपं, विळा, बैलाच्या गळ्यातली साखळी. सर म्हणायचे, दिनूभाऊ, ज्यातून खायचं-प्यायचं ते तेवढं आणू नका. दिनूभाऊ म्हणायचे, नाही नाही. आणि मागून चहाची गाळणी काढायचे.

एका रविवारी त्यांनी वावरातल्या खोलीचं कुलूप आणलं, किल्लीसकट. दोन्ही अॅसिडमध्ये बुडवलं, दोन्हीवर जस्त चढवलं, दोन्ही शोभाकडून घासून घेतलं. असं कुलूप आख्ख्या तेल्हारा तालुक्यात नसेल म्हणून हिवरखेडला गेले आणि त्याच दिवशी खोलीला लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "अरुणभाऊ, कुलूप एक नंबर झालं. गंज येऊ शकत नाही. चोर येऊ शकत नाही."

"वा!"

"मीबी जाऊ शकत नाही! किल्ली आतमंधी शिरूनच नाही राह्यली. फवाऱ्याचा पंप आत हाये. सरायले विचारा नं, आता काय करू?"

सरांना विचारलं. सर म्हणाले, "सिद्धांत बरोबर आहे." दिनूभाऊंनी कडी तोडली.

* * *

आता उन्हाची गोष्ट.

शेवटी उरले हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट. सरांनी ते हातात घेतले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बदलला. "हे नेहमीचे नाहीत. डोक्यावर आकडा कोरलाय पाहा. कडक पोलाद आहे. जस्त चढवताना असल्या बोल्टच्या पोटात हायड्रोजन शिरतो. चढवल्या-चढवल्या ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीवर काही तास भाजावं लागतं, मग तो निघतो. नाही निघाला तर बोल्ट वरून चकाचक दिसतो आणि आवळल्यावर कधीतरी, कोणी हात न लावता, तुटतो."

"कधीतरी म्हणजे कधी?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. हाच तर त्रास आहे."

ओव्हन घरात एकच, शोभाचा. आम्ही तिघं खाली गेलो. ती एका वाढदिवसाच्या केकवर गुलाब काढत होती. सरांनी विषय काढला.

"संडासाच्या अॅसिडातून काहाडलेले बोल्ट? माह्या ओव्हनमंधी?" हातातला क्रीमचा कोन तिनं आमच्यावर रोखला. "व्हा बाहेर!"

आम्ही वर आलो. दुपार रणरणत होती. दिनूभाऊंनी आभाळाकडे बोट दाखवलं. "ओव्हन कायले पाह्यजे, सर? हे काय हाये मंग?"

"दिनूभाऊ, दोनशे डिग्री लागते."

"अकोल्याचं ऊन हाये हे! मेलेला सेल जिता करते, हायड्रोजन काय चीज हाये?"

आणि त्यांनी ते चार बोल्ट जिन्यावरच्या टिनाच्या पत्र्यावर मांडले.

इथं बाहेरगावच्या लोकांना एक सांगायला हवं. आमच्या गावाला मिरवण्यासारखं फार नाही. पण उन्हाळ्यात टीव्हीवर 'राज्यात सर्वाधिक तापमान अकोल्यात' अशी पट्टी आली की आमची छाती फुगते, घरचं पोरगं बोर्डात आल्यासारखी. एखाद्या दिवशी चंद्रपूर पुढं गेलं तर चहा गोड लागत नाही. वानखडे सर कितीही केमिस्ट्री शिकलेले असले तरी जन्म अकोल्याचाच.

तासाभरानं दिनूभाऊंनी बोल्ट उचलायला हात घातला. "आई गं!" बोल्ट खाली, बोट तोंडात. मग त्यांनी ते बोट सरांसमोर धरलं. टरारून फोड आला होता.

"घ्या! निघाला तुमचा हायड्रोजन!"

सरांनी फोड पाहिला. टिनाकडे पाहिलं. वर सूर्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर केमिस्ट्री आणि अकोला यांची मारामारी चाललेली मला स्पष्ट दिसली.

"तसं पाहिलं तर," सर म्हणाले, "ऊन आहे खरं."

अकोला जिंकलं. बोल्ट दोन दिवस टिनावर राहिले.

* * *

पल्लवी निघायच्या आदल्या दिवशी आली. बॅग ठेवली, बाह्या वर केल्या आणि दुकानामागच्या अंगणात बसून संध्याकाळपर्यंत गाडी स्वतः जोडली. आम्ही तिघं पाने देण्यापुरते. हँडलचे बोल्ट तिनं शेवटी आवळले, दोन्ही हातांनी जोर लावून. उन्हाची गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, तिनं विचारलीही नव्हती. गाडी अशी दिसत होती की शोभानंही दोनदा बाहेर येऊन पाहिली. दिनूभाऊ तर गाडीभोवती फिरतच होते.

"बाबा, नजर लागंन आता," पल्लवी म्हणाली.

सकाळी निघायचं होतं. अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. दिनूभाऊ नारळ आणि गाडीपुरता झेंडूचा हार घेऊन हजर. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. शोभा अंगण झाडत होती.

झाडू पुढच्या चाकापाशी आला आणि काहीतरी खळ्कन वाजलं. तिनं वाकून उचललं. छोटंसं, लखलखीत, चांदीच्या बटणासारखं.

"पल्लवी, हे तुझं काय गं?"

पल्लवीनं ते तळहातावर घेतलं. बोल्टचं डोकं होतं. नुसतं डोकं. तिनं हँडलकडे पाहिलं. तीन डोकी जागेवर, चौथ्याच्या जागी भोक.

रात्रभर गाडीला कोणी हात लावला नव्हता.

तिनं पाना घेतला आणि दुसऱ्या बोल्टला हलकेच लावला. जोर नाही, नुसता लावला.

टक्.

दुसरं डोकं फरशीवर पडलं आणि घरंगळत सरांच्या चपलेपाशी जाऊन थांबलं.

सर पायरीवर बसले. दिनूभाऊंच्या हातात नारळ तसाच होता. आणि मला आणखी एक गोष्ट दिसली, माझ्या धंद्यातली. ती मी इथं लिहीत नाही. गाडी उभी होती, जमीन सपाट होती, गाडीवर कोणी बसलेलं नव्हतं, पोरगी आपल्या पायांवर उभी होती. मी हे चारही पुन्हा पुन्हा मनात म्हटलं आणि मग मला भर अंगणात रडू आलं. असं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पहिली बोलली ती पल्लवी. "बाबा, नारळ खाली ठेवा. मले काही झालं नाही."

"पोरी, मी... त्या उन्हात..." दिनूभाऊंनी नारळ फरशीवर ठेवला.

शोभा आत गेली. परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत ओव्हन होता, वायर मागं लोंबत होती. तिनं तो ओट्यावर आदळला. "घ्या! हा आजपासून तुमचा. मी दुसरा आनीन. पन पोरीचं काम पुन्हा उन्हावर सोडाचं नाही!"

सर हळूच म्हणाले, "वहिनी, आता भाजून उपयोग नाही. ते लगेच करावं लागतं."

"मंग तुमालेच भाजतो!"

आणि आम्ही हसलो. रडत होतो आणि हसत होतो, दिनूभाऊसुद्धा.

दुकानं उघडल्यावर पल्लवीनं बाजारातून चार नवे बोल्ट आणले, साधे, काळे, बिनजस्ताचे. स्वतः बसवले, वरून ग्रीस फासलं. दिनूभाऊ अजून त्या काळ्या बोल्टांकडे पाहत होते. एवढ्या लखलखीत गाडीवर तेच तेवढे चार डाग.

"पोरी, हे गंजतीन नं तिकळच्या पावसात."

"गंजले तं गंजले, बाबा," ती हेल्मेट घालत म्हणाली. "गंज दिसते तरी."

भर दुपारी, त्याच उन्हात ती निघाली. त्या दिवशी मी दुकान उघडलं, पण एकही काच सरळ कापली नाही. दिनूभाऊ हिवरखेडला गेलेच नाहीत, माझ्या स्टुलावर फोन हातात घेऊन बसले. सरही आले. संध्याकाळी फोन वाजला. फोटो होता. घाटाच्या वर गाडी, मागं हिरवं-निळं काहीतरी, आणि खाली एकच शब्द, 'पोचली.' दिनूभाऊंनी तो फोटो आम्हाला दाखवला, समोरच्या पानवाल्याला दाखवला, फ्रेम न्यायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही दाखवला.

* * *

ते बोल्टचं पहिलं डोकं मी फेकलं नाही. मखमलीवर बसवलं, वर काच, भोवती सोनेरी पट्टी, आणि दुकानात गल्ल्याच्या वर टांगलं. मला वाटलं होतं, दिनूभाऊंना वाईट वाटेल. त्यांनी एकदा पाहिलं, पिशवीत हात घातला आणि झेंडूचा हार काढून फ्रेमला घातला. तेव्हापासून माल घेऊन आले की आधी जुना हार काढतात, नवा घालतात, मगच माझे हार मोजून ठेवतात.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले होते, बायकोचा फोटो मोठा करायला. माझं माप घेणं चाललं होतं. त्यांची नजर वर गेली. सोनेरी फ्रेम, ताजा हार, आत एवढंसं लोखंड. त्यांनी डोळे बारीक केले. मग चष्मा लावला.

दिनूभाऊ तेव्हा हारच बदलत होते.

"भाऊ," म्हातारे म्हणाले, "हार तं गेलेल्या मानसाले घालतात."

"हौ," दिनूभाऊ म्हणाले. हार सरळ केला, काचेवरून एकदा हात फिरवला. "हाच गेला. म्हणून माही पोरगी हाये."